पाण्यात गेलेल्या रजिस्टराची पोच

आमच्या कुर्डुवाडीत जुन्नर म्हटलं की लोक शिवनेरीचं नाव घेतात आणि आंबेगाव म्हटलं की भीमाशंकरचं. मी या दोन तालुक्यांत आठवडाभर राहिले आणि दोन्ही पाहिले नाहीत. पाहायला वेळच नव्हता. तरी जे पाहिलं ते कुणाला तरी उपयोगी पडेल, म्हणून लिहिते आहे.

त्या वर्षी मला शिक्षणसेविकेची ऑर्डर मिळाली होती. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. वडील, म्हणजे अण्णा, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस. ऑर्डर आली त्या दिवशी त्यांनी क्वार्टर्सच्या सगळ्या लाइनीत साखर वाटली. पण ऑर्डरच्या खाली एक ओळ होती: जातपडताळणीचे कागद महिनाअखेरीपर्यंत जमा करावेत.

आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. अण्णांच्या दाखल्यावर तेच, माझ्याही दाखल्यावर तेच. पडताळणीला मात्र त्याच्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांच्या काळातला सरकारी कागद हवा, आणि त्यावर आमची जुनी जात लिहिलेली हवी. आजोबा मूळचे आंबेगाव तालुक्यातल्या उंबरदऱ्याचे. ते शाळेत गेलेच नाहीत, असं आम्ही समजून होतो. त्यांचे थोरले भाऊ मात्र एक-दोन इयत्ता शिकले होते. त्यांचं नाव शाळेच्या रजिस्टरात सापडलं तर माझी नोकरी वाचणार होती. आजोबांनी गाव सोडलं ते तरुणपणीच, आणि नंतर ते गावही धरणात गेलं.

अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते जेवत होते. घास हातातच राहिला.

"जो शब्द टाकायला आम्ही गाव टाकलं, देव टाकले, तो शब्द तू हुडकायला निघालीस?"

"नोकरीसाठी, अण्णा."

"जा. मी काही येणार नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र ते स्टेशनवर आले. गाडी हलताना त्यांनी खिडकीतून एक चिठ्ठी दिली. वारूळवाडीच्या भागवतकाकांचा पत्ता होता आणि खाली लिहिलं होतं: 'कागद मिळाल्याशिवाय येऊ नकोस.'

आळे

नगरहून कल्याणच्या एस.टी.त बसले. दुपार टळता कंडक्टरने "आळे!" म्हणून हाक दिली आणि मी उतरले. गाडी गेल्यावर कळलं की मला आळेफाट्याला उतरायचं होतं. फाटा अजून दोनेक किलोमीटर पुढे. रस्त्यापेक्षा शेतातून जवळ पडेल असं एकाने सांगितलं, म्हणून मी बॅग खांद्याला लावून पायवाटेला लागले.

एका वावरात कांदाकाढणी चालली होती. पात कापून कांद्याचे ढीग लावत बसलेल्या एका साठीच्या बाईने मला हटकलं.

"कुठं निघाली गं एकटी?"

"फाट्यावर."

"हिकडनं? उसातनं? आन बिबट्या?"

मला हसू आलं. ती हसली नाही. "परवा आमच्या दिराचं वासरू वढून नेलं. हसतीस काय! थांब." तिने कमरेला विळा खोचला, शेजारणीला ढिगाकडे बघायला सांगितलं आणि माझ्यापुढे चालू लागली. नाव शांताबाई.

ऊस दोन्ही अंगांनी डोक्याच्या वर. आमच्याकडेही ऊस आहे, पण उसात माणसाने मोठ्याने बोलावं असं आमच्याकडे कुणी शिकवत नाही. शांताबाई मोठमोठ्याने बोलत होती, मुद्दाम. "आवाज ऱ्हावा म्हंजे त्यो बाजूला व्हतो. त्योबी बिचारा माणसाला भितोय." मग नेहमीचा प्रश्न आला. "कोनाची तू?"

गावाकडे या प्रश्नाचा अर्थ काय असतो ते मला लहानपणापासून माहीत आहे. मी आडनाव सांगून गप्प बसत नाही. "आम्ही बौद्ध," मी म्हटलं.

ती चार पावलं चालली. "बरं. पानी पेलीस का कुठं? तोंड सुकलंय तुजं."

बांधावर तिचीच कळशी ठेवली होती. लोक हसतील, पण मी अजूनही बघते, समोरचं माणूस पाणी हातात देतं की वरून ओततं. तिने तांब्या भरून हातात दिला. मी प्यायले. उरलेलं ती प्यायली, त्याच तांब्याने, आणि तो पालथा घालून ठेवला. तिच्या दृष्टीने त्यात काहीच घडलं नव्हतं. मी मात्र पुढचा सगळा रस्ता त्याच विचारात चालले.

फाट्यावर पोचल्यावर मी विचारलं, "आता तुम्ही एकट्या परत कशा जाल?"

"मला काय खातोय त्यो? नुसती हाडं ऱ्हायलीत. त्याचंच दात पडायचं!" असं म्हणून ती वळली. तिचा आवाज उसातून बराच वेळ ऐकू येत होता. आता ती बिबट्याशीच बोलत असावी.

वारूळवाडी

वारूळवाडी आणि नारायणगाव यांची हद्द कुठे आहे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. रस्त्यावर टोमॅटोच्या क्रेटांची रांग, ट्रक, हमालांचा आरडाओरडा. भागवतकाका म्हणजे अण्णांचे लांबचे चुलतभाऊ. त्यांची सव्वा एकर टोमॅटोची बाग आणि घराच्या पुढच्या खोलीत मुलाचं, संजूचं, मोटार रिवायंडिंगचं दुकान. मी आयुष्यात प्रथमच भेटत होते, पण काकूंनी मला बघितलं आणि म्हणाल्या, "नाक तर आमच्या सासऱ्याचंच हाय!" आणि ओळखपाळख संपली.

रात्रीच्या जेवणाला मासवडी होती. मी भोळेपणाने विचारलं, मासा कुठला. सगळे इतके हसले की काकांना ठसका लागला. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, आत तीळ, खोबरं, लसूण यांचं सारण भरायचं, गुंडाळी करून वड्या पाडायच्या आणि झणझणीत रश्शात बुडवून खायच्या. मासा त्यात औषधालाही नसतो. आमच्या सोलापुरी शेंगाचटणीचा मला अभिमान आहे, पण त्या रात्री मी तो बाजूला ठेवला.

जेवणानंतर मी कामाचं सांगितलं. संजू दारात बसून तांब्याच्या तारेचं रीळ सोडवत होता.

"ह्याचंबी तितंच अडलं," काका म्हणाले. "पोस्टात लागला असता. कचेरीतनं सांगितलं, रजिस्टर पान्यात गेलं. आता पान्यात बुडी मारून आनायचं का?"

"बरं झालं राव," संजू म्हणाला, "पोस्टमन झालो असतो तर कुत्री मागं लागली असती."

"तुम्ही गावात जाऊन बघितलं का?" मी विचारलं.

"गाव हायच कुठं बघायला?"

कागद नाही असं सांगितलं की तो नाहीच, असं आमच्या सगळ्या पिढ्यांनी मानलं. शिकलेली माणसं खोटं कशाला बोलतील! मी शिकलेली आहे म्हणूनच मला त्याची खात्री वाटत नव्हती.

घोडेगाव

घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचं ठिकाण. तिथल्या एका कचेरीत सकाळी पहिली मीच. कचेरीचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या क्लार्कने मला कागद दिला नसला तरी चहा पाजला. त्याने फाइल काढून दाखवली. उंबरदऱ्याच्या शाळेच्या गुरुजींचं जुनं पत्र होतं: स्थलांतराच्या वेळी शाळेचे सर्व अभिलेख पाण्यात नष्ट झाले.

"आता यावर मी काय करणार, ताई? नाही म्हणून लेखी पाहिजे तर देतो."

"नाही म्हणून लेखी घेऊन मी शाळेत काय शिकवू?"

तो हसला. टेबलावरचा काचेचा गोळा त्याने दोनदा फिरवला. "एक सांगू का? साहेबाला कागद ठाऊक असतो, तो ठेवलाय कुठं ते शिपायाला ठाऊक असतं. त्या शाळेला कोंडाजी म्हणून शिपाई होता. जिवंत असेल तर त्याला विचारा. मी सांगितलं म्हणू नका."

त्याचं नाव मला माहीतच नाही, त्यामुळे शब्द पाळणं सोपं गेलं.

उंबरदरा

जीपमध्ये आम्ही सोळा जण होतो, एक शेळी वेगळी. जीपने जिथे सोडलं तिथून नव्या गावठाणापर्यंत तासाभराचा चढ. वाटेत बायका हिरडा वेचत होत्या. झाडाखाली पडलेली कोवळी फळं वेचून वाळवायची आणि बाजारात घालायची. एकीने मला मूठभर देऊन सांगितलं, "तोंडात धर, तहान लागत न्हाई." तुरट इतका की तहानच काय, बोलणंही बंद झालं.

वर पोचल्यावर पाणी दिसलं. एप्रिल होता, धरण पुष्कळ उतरलेलं. काठाला चिखलाचा रुंद पट्टा आणि त्यातून घरांची जोती वर आलेली, ओळीने. कोंडाजीबाबांचं घर विचारलं तर एकाने खाली बोट दाखवलं. सत्तरीकडे झुकलेला एक माणूस चिखलात उभा राहून जोत्याचे दगड बघत होता. मी घाईने उतरायला गेले आणि दहाव्या पावलाला डावी चप्पल गाळाने गिळली. ती अजून तिथेच आहे.

"पावणं, जरा सबुरीनं," तो म्हणाला. "हितं घाई क्येली का धरन सोडत न्हाई."

तेच कोंडाजीबाबा. महादेव कोळी समाजातले, शाळेत तीस वर्षं शिपाई, निवृत्त होऊन तीन-चार वर्षं झालेली. मी एका पायात चप्पल घालून माझी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि समोर दाखवलं. "ही शाळा. ही वसरी. तुमच्या वाड्यातली पोरं हितं वसरीवर बसायची. माज्या येळेपातुर तसंच व्हतं. तुमच्या आडाचं पानी आमीबी पीत न्हवतो. खोटं कशाला सांगू?"

मला ते बरं वाटलं. पुष्कळ लोक सांगतात, आमच्या गावात तसलं काही नव्हतंच. मग आमचे आजोबा कोणत्या गावातून निघून गेले?

"रजिस्टरं पाण्यात गेली ना?" मी विचारलं.

"कोन म्हनतं?"

"कचेरीत पत्र आहे."

"पत्रात गेली असतील." ते चालू लागले. "घरी चल. हिनं भाकरी टाकल्या असत्याल."

त्यांच्या पत्नी राहीबाई चुलीपुढे होत्या. नाचणीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि करडईची सुकवलेली भाजी. आम्ही तिघं एका ओळीत बसून जेवलो. जेवताना बाबांनी जे सांगितलं ते मी जमेल तसं त्यांच्याच शब्दांत देते.

"पानी येनार येनार म्हनत धा वरसं गेली. मानसांनी दारं काढली, वासं काढलं, कौलं उतरली. शाळंचं कोन काढनार? गुरुजी म्हनले, कोंडाजी, चालू रजिस्टरं घे आधी. एकच खेप व्हती, डोक्यावर. मी जुनी उचलली."

"का?"

"आमच्यात पूर आला का म्हातारं मानूस पयलं भाईर काढत्यात. तरनं काय, आपल्या पायानं येतं."

"आणि चालू रजिस्टरं?"

"भिजली. लगदा झाला. गुरुजी असं तापले! सस्पेंड करतो म्हनले. म्या म्हनलं, गुरुजी, चालू पोरं समदी जित्ती हायती. रांगेनं बसवा, नाव सांग, बापाचं सांग. आठ दिसांत नवं रजिस्टर झालं बगा. पन जुन्यातली कुठनं बोलवायची? मसनातनं?"

गुरुजींनी मात्र रागाच्या भरात वर लिहून टाकलं, सगळं गेलं. एकदा लिहिलं ते गेलं. नव्या शाळेला तेव्हा दारही नव्हतं, म्हणून बाबांनी ट्रंक घरी आणली. त्यानंतर बाबा निवृत्त होईपर्यंत तीन हेडमास्तर आले. बाबांनी तिघांनाही सांगितलं, ट्रंक घ्या आणि मला पोच द्या. तिघांनीही एकच सांगितलं, जे पाण्यात गेलंय त्याची पोच कशी देणार? आताच्या मुख्याध्यापिका बाई नंतर आल्या; त्यांना बाबांनी विचारलंच नव्हतं.

"मग नुसती देऊन टाकायची होती," मी म्हटलं.

मी पहिलीतली पोर असल्यासारखं बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तीस वरसं शिपाई व्हतो, बाय. पोच न्हाई तर वस्तू न्हाई. उंद्या कोनी म्हनलं, कोंडाजीनं रजिस्टरं इकली, तर?"

"पोच, पोच!" राहीबाई भाकरी मोडता मोडता बोलल्या. "माजं लग्नातलं लुगडं त्या रजिस्टरांना गुंडाळलंय ह्यानं. इचारलं बी न्हाई. मला थंडी वाजली तरी चालंल, रजिस्टरांला कसर लागाया नको!"

"दसऱ्याला कुकू तूच लावतीस की त्यांना."

"लावते. घरात इद्या हाय म्हनल्यावर लावाया नको?"

कणगीच्या मागून ट्रंक निघाली. कडुनिंबाचा पाला, हिरडे, आणि हिरव्या लुगड्यात बांधलेली सात रजिस्टरं. माझे हात पुढे गेले. बाबांनी ट्रंकेवर हात ठेवला.

"हितं न्हाई. शाळंत. बाईंच्या म्होरं. पोच घिऊन."

मी विनवलं, नुसतं नाव बघते. नाही म्हणाले. सात कोसांवरून येऊन पाण्याच्या काठी तहानलेलं राहावं, तशी माझी गत झाली. पण त्या रात्री राहीबाईंच्या शेजारी अंथरुणावर पडल्यावर वाटलं, हा माणूस असा आहे म्हणूनच रजिस्टरं आहेत. चटकन ऐकणारा असता तर गुरुजींचंही ऐकलं असतं.

शाळा

सकाळची शाळा होती. बाबांनी पांढरी टोपी घातली, जुना खाकी शर्ट घातला आणि ट्रंक डोक्यावर घेतली. मी धरू का विचारलं तर म्हणाले, "सर्विसातलं काम हाय माजं."

मुख्याध्यापिका बाई माझ्याच वयाच्या, कोपरगावकडच्या. त्यांनी रजिस्टरं बघितली आणि त्या खुर्चीत मागे टेकल्या.

"मामा, हे काय करून ठेवलंत? मी आज उतारा दिला आणि उद्या वरून विचारलं, हे आलं कुठून? सरकारी अभिलेख इतकी वर्षं घरी ठेवला म्हणून तुमच्यावरच यायचं. आणि सही माझी."

हे मला सुचलंच नव्हतं. माझ्या नोकरीपायी या म्हाताऱ्यावर काही येणार असेल तर? मी म्हटलं, "बाबा, राहू द्या. मी दुसरा काही पुरावा बघते." बोलले, पण दुसरा काही पुरावा नव्हता, आणि महिना संपायला सात दिवस होते.

बाबांचा हात ट्रंकेवरच होता. "बाई, म्या चोरलं न्हाई. ठिवलं. यायचं ते यिऊ द्या. पोच द्या."

बाईंनी मला विचारलं, "तुम्ही माझ्या खुर्चीत असता तर काय केलं असतं?"

खोटं बोलवलं नाही. "घाबरले असते," मी म्हटलं. "पण जे झालं ते झालं तसं लिहून सही केली असती. खऱ्याला दोन उत्तरं शोधावी लागत नाहीत."

त्यांनी रजिस्टराची पानं उलटली. एका ओळखीच्या आडनावाशी थांबल्या. "दोन वर्षांत मी स्वतः चार जणांना परत पाठवलं," त्या म्हणाल्या. "नाही म्हणून लेखी दिलं. ती सही करताना काही भीती वाटली नाही." मग त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "तुमचं अक्षर चांगलं असेल. लिहा."

मी लिहिलं: 'गाव पाण्याखाली जात असताना शाळेचे शिपाई श्री. कोंडाजी यांनी स्वतःच्या डोक्यावरून वाहून आणलेली व त्यानंतर स्वतःच्या घरी जपून ठेवलेली जुनी रजिस्टरे नग सात आज रोजी शाळेत जमा करून घेतली.' प्रत्येक रजिस्टराची पानं मोजून खाली नोंद केली. बाईंनी वाचलं, 'सुस्थितीत' हा शब्द स्वतःच्या हाताने घातला, सही केली, शिक्का मारला. बाबांनी पोच घेतली, उजेडाला धरून शिक्का बघितला, चार घड्या केल्या आणि टोपीत ठेवली. मग ट्रंकेवरचा हात काढला.

बाई मला म्हणाल्या, "तुम्ही वाचा, मी उताऱ्यावर लिहिते."

तिसऱ्या रजिस्टरात आजोबांच्या थोरल्या भावाचं नाव सापडलं. आणि त्याच्या खालच्याच ओळीत, त्याच दिवशी दाखल झालेलं, सखाराम बापू. माझे आजोबा. मी दोनदा वाचलं. कॉलेजच्या प्रत्येक भाषणात मी सांगत आले होते की आजोबांनी शाळेची पायरी पाहिली नाही. त्यांनी ती पाहिली होती. सात महिने.

मी वाचू लागले. नाव. बापाचं नाव. जन्मगाव. मग जातीचा रकाना आला. त्या खोलीत बाई होत्या, बाबा होते, दाराबाहेर मुलं पाढे म्हणत होती. आमच्या घरात हा शब्द उच्चारत नाहीत. मी तो उच्चारला, स्पष्ट, जसा लिहिला होता तसा. बाईंनी लिहून घेतला आणि मान वर न करता विचारलं, "पुढे?"

"वर्तणूक चांगली. शाळा सोडण्याचं कारण: गुरे राखणे."

भाषणात सांगायचं वाक्य मला तिथेच बदलावं लागलं. शाळा पाहिली नाही म्हणजे दैव. सात महिन्यांनी गुरांमागे पाठवलं म्हणजे माणसांनी केलेलं काम. माणसांनी केलेलं माणसांना सुधारता येतं.

आणखी दोन दिवस

उतारा हातात पडला तेव्हा मी निघू शकत होते. पण पानं चाळताना वारूळवाडीच्या काकांच्या वडिलांचं नाव दिसलं, आणि मग वाटलं, आणखी किती असतील? कागद पिवळा, कडा पापडासारख्या तुटणाऱ्या. दोन दिवस राहून मी आमच्या वाड्यातल्या, कोळ्यांच्या, ठाकरांच्या आणि कुणब्यांच्याही मुलांची नावं रकान्यांसकट दोन शंभरपानी वह्यांत, दोन प्रती करून, उतरवली. बाई शाळा सुटल्यावर माझ्यासोबत बसायच्या, एक वाचायची, एक लिहायची. राहीबाईंनी त्यांच्या जुन्या चपला मला दिल्या आणि लुगडं परत मिळाल्याबद्दल वर एक पापडांची चवडही दिली. बाबा दर तासाला येऊन पानं मोजून जात.

एक वही शाळेत ठेवली, दुसरी येताना संजूकडे दिली. त्याने स्वतःच्या आजोबांचं नाव पाहिलं. त्या वेळी त्याने एकही विनोद केला नाही. पोस्टाचं वय गेलं होतं, पण त्याची मुलगी चौथीत होती. दुकानात येणाऱ्या जुन्या गाववाल्यांना तो आता वही दाखवतो.

मी वेळेत कागद दिले आणि आज एका वस्तीवरच्या शाळेत शिकवते. अण्णांनी उतारा वाचला. 'वर्तणूक चांगली' वर बोट ठेवून ते हसले. "म्हाताऱ्याची वर्तणूक चांगली? आमच्या आईला विचारायला पाहिजे होतं." वरच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं नाही. मीही नाही.

ज्यांचे आजोबा-पणजोबा उंबरदऱ्याच्या शाळेत एक दिवस जरी बसले असतील, खोलीत असो वा ओसरीवर, त्यांच्यासाठी सांगते. घोडेगावहून सकाळी जीप सुटते. जिथे ती सोडते तिथून तासाभराचा चढ आहे. कचेरीत कुणी पाण्यात गेलं म्हणालं तर ऐकून घ्या, चहा दिला तर प्या, आणि वर जा. रजिस्टरं शाळेच्या कपाटात आहेत. गाळात उतरायचं काम पडलं तर चपला काठावर काढून ठेवा.